पानांची पाठ

2010 च्या मे महिन्यात सात-आठ मुलांना घेऊन इमारतीच्या गच्चीवर बसले, तेव्हा माझ्याजवळ पोस्टर कलरच्या सहा बाटल्या आणि आंब्याच्या पानांचा ढीग होता. ठसे उमटवायचे, एवढंच ठरवलेलं. मुलांनी पानाच्या वरच्या गुळगुळीत बाजूला भरपूर रंग फासला आणि कागदावर नुसते डाग पडले. एक मुलगी रडवेली झाली. चूक माझी होती. शिरा उठून येतात त्या पानाच्या पाठीवर, हे मलाच सुचलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीपासून पान उलटं धरायला लागलो. पेरूचं पान सगळ्यांत गुणी निघालं; त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं तरी एकेक शीर हाताला लागते. रंगात पाणी जवळजवळ नको. स्पंजने हलकं टिपायचं, वर जुनं वर्तमानपत्र ठेवून तळव्याने दाबायचं आणि देठाला धरून अलगद उचलायचं. त्या क्षणी सगळी गच्ची चिडीचूप व्हायची.

पिंपळाने मात्र आमचा कस पाहिला. त्याची पानं तीन-चार आठवडे पाण्यात कुजवली की मऊ गर सडून सुटतो. शिरा लाकडासारख्या चिवट, त्या तेवढ्या जाळी होऊन उरतात. वासाने सगळा जिना भरायचा. शेजारच्या आजींनी तक्रार न करता भांड्यावर झाकण आणून ठेवलं, ते अजून आमच्याकडे आहे. 2013 साली मी घाई केली, दहाव्या दिवशीच ब्रश लावला आणि बाराच्या बारा पानं फाटली.

2020 मध्ये गच्चीही बंद झाली. फोनवरच भेटायचो. मुलांनी भाजीच्या पिशवीतून पानं काढली: कढीपत्ता, पालक, अळू. अळूवर रंग ठरेना, थेंब होऊन घरंगळायचा. एक मुलगा अर्धा तास तो निळा थेंब पानावर इकडून तिकडे फिरवत बसला. त्या दिवशी त्याचा एकही ठसा झाला नाही आणि मी तो मागितलाही नाही.

झाडावरची पानं तोडणं आम्ही कधीच सोडलं. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आता पिंपळाखाली वेचायला गेलो की मुलं आधी पान उलटं करतात, पाठीवरून बोट फिरवतात, मगच पिशवीत टाकतात. यंदाचं भांडं गच्चीच्या कोपऱ्यात आहे. आज सोळावा दिवस, अजून ब्रश लावलेला नाही.