किडनीचा आजार आहे? मग वजनाबरोबर पोटाचा घेरही मोजा

किडनीचा दीर्घकालीन आजार म्हटलं की आपल्याला आधी डायलिसिस आठवतं. पण यातले अनेक रुग्ण डायलिसिसची वेळ येण्याआधीच दगावतात आणि त्यामागचं मोठं कारण असतं हृदयविकार. त्यात पोट सुटलेलं असेल तर हा धोका आणखी वाढतो.

नुसतं वजन बघून का चालत नाही?

उंचीच्या मानाने वजन किती, हे बीएमआय सांगतो. पण त्या वजनात चरबी किती, स्नायू किती आणि पाणी किती, हे त्यातून कळत नाही. किडनीच्या आजारात अंगात पाणी साठतं, स्नायू झिजतात. त्यामुळे काट्यावरचा आकडा तोच राहतो आणि पोटातली चरबी मात्र वाढलेली असू शकते.

इटलीत डायलिसिसवरच्या ५३७ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कमरेचा घेर जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त आढळले. नुसत्या बीएमआयवरून हा धोका दिसत नव्हता.

भारतीयांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के!

पोटातली चरबी करते काय?

आतड्यांभोवती आणि यकृताजवळ साठलेली चरबी नुसती पडून राहत नाही. ती रक्तात फॅटी ॲसिड आणि दाह वाढवणारी रसायनं सोडते. इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, रक्तदाब वाढतो. दुसरीकडे किडनी कमजोर झाल्याने फॉस्फरस साठतो आणि रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियमचे थर बसू लागतात. म्हणजे हृदयावर दोन्ही बाजूंनी मारा होतो.

घेर कसा मोजायचा?

पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे, कारण पँट बऱ्याचदा पोटाखाली बांधलेली असते. सरळ उभे राहा, श्वास सोडा आणि शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप लावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि महिलांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानतात. पोटात पाणी झालं असेल किंवा पोटातून डायलिसिस सुरू असेल, तर हे माप फसवं ठरू शकतं.

मग करायचं काय?

झटपट वजन उतरवण्याच्या मागे लागू नका. उपासमार केली तर आधीच झिजलेले स्नायू आणखी झिजतात. प्रोटीन पावडर, कीटो डाएट किंवा वजन घटवणारे काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. 'लो सोडियम' मिठात बऱ्याचदा पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असताना ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यापेक्षा साधं मीठच कमी करा. लोणचं, पापड, फरसाण टाळा. झेपेल तेवढं रोज चाला. तंबाखू-सिगारेट बंद करा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना क्रिएटिनिनच्या रिपोर्टबरोबर पोटाच्या घेराचा आकडाही लिहून न्या. "माझ्या हृदयाला किती धोका आहे?" हा प्रश्न तिथे जरूर विचारा.