शाळेकडून उद्योगाकडे : विचारविनिमय कोणाशी व कसा?

शाळा सोडून कामधंद्यास लागणे हे वरवर पाहता एकच पाऊल वाटते. वस्तुतः त्यात तरुण एका व्यवस्थेतून बाहेर पडून अगदी निराळ्या व्यवस्थेत प्रवेश करतो. शाळा परीक्षेतील गुण पाहते, कारखाना हाताचे कौशल्य पाहतो. आणि या दोहोंमधील अंतराची जबाबदारी कोणाचीच नसते. म्हणूनच प्रशिक्षणाची आखणी करण्यापूर्वी संबंधित पक्षांशी विचारविनिमय करावा, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. परंतु संबंधित पक्ष कोणते, आणि विचारविनिमय कशास म्हणावे, हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत.

येथे प्रत्येक पक्षापाशी काही विशेष ज्ञान असते आणि त्याबरोबर स्वतःचा हितसंबंधही असतो. कोणत्या यंत्रावर काम चालते, हे मालकास ठाऊक असते. पण आपल्याच कारखान्यापुरते शिक्षण त्याला पुरेसे वाटण्याचा संभव असतो. शिकाऊ मुलांच्या निमित्ताने स्वस्त मजुरी घेतली जाईल, ही कामगार संघटनांची शंका असते. शिक्षकास मुलाची कुवत ठाऊक असते, पण कारखान्याचा अनुभव त्याला असतोच असे नाही. पालकांची दृष्टी बहुधा नोकरीच्या शाश्वतीकडे असते. यांपैकी एकाचेच ऐकून केलेली योजना एकांगी होते.

हा तोल राखण्याचा एक प्रयत्न जर्मनीत आढळतो. तेथील १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्यान्वये स्थानिक व्यापारी-औद्योगिक मंडळांशी संलग्न अशा समित्या असतात. त्यांत मालकांचे ६, कामगारांचे ६ आणि व्यवसायशाळांतील शिक्षक ६ असे सभासद असतात. शिक्षकांचा अधिकार मात्र मुख्यतः सल्ल्यापुरता आहे. बॉन येथील संघीय व्यवसायशिक्षण संस्थेच्या मुख्य समितीत मालक, कामगार, घटक राज्ये व संघशासन या चारही पक्षांना प्रत्येकी ८ मते आहेत. शिवाय कामगारमंडळ असलेल्या ज्या कारखान्यात अल्पवयीन कामगार व शिकाऊ उमेदवार मिळून किमान ५ जण आहेत, तेथे त्यांना आपले प्रतिनिधी निवडता येतात. अर्थात्, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याचा आवाजही या रचनेत कोठेतरी उमटतो.

आता आपल्याकडील स्थिती पाहू. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेची तरतूद झाली आणि निर्दिष्ट व्यवसाय ठरविताना शासनाने तिचा सल्ला घ्यावा, असे ठरले. या परिषदेत मालकांचे व केंद्र-राज्य शासनांचे प्रतिनिधी असतात. उद्योग, कामगार व तंत्रशिक्षण या विषयांचे जाणकारही असतात. परंतु शिकाऊ उमेदवारांचे प्रतिनिधी म्हणून वेगळे स्थान कोणासही नाही. याच कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी मानला आहे. करारासंबंधी तंटा झाल्यास निर्णय शिकाऊ उमेदवारी सल्लागार देतो, आणि त्यावरील अपील पुन्हा परिषदेच्याच समितीपुढे जाते. सारांश, ज्या मंडळात आपले कोणी नाही, त्याच मंडळाकडे या मुलाने दाद मागावयाची! २०१४ च्या दुरुस्तीने मालकांना ऐच्छिक व्यवसाय ठरविण्याची मोकळीक मिळाली. त्यामुळे नव्या व्यवसायांना वाव मिळाला हे खरे. तथापि दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकण्याची गरज त्यामुळे वाढली, कमी झाली नाही.

यावरून विचारविनिमयाच्या काही कसोट्या सुचतात. पहिली, तो निर्णयाच्या आधी व्हावा. ठरलेल्या मसुद्यास संमती मिळविणे म्हणजे विचारविनिमय नव्हे. दुसरी, तरुणांचे म्हणणे मालक व शिक्षक यांच्या समक्ष नव्हे, तर स्वतंत्रपणे ऐकावे. कारण ज्याच्या हाती प्रमाणपत्र आहे, त्याच्यापुढे मुलगा मोकळेपणाने बोलत नाही. तिसरी, प्रशिक्षण पुरे केलेल्यांबरोबरच ते अर्धवट सोडून गेलेल्यांनाही विचारावे. योजनेचे दोष त्यांना अधिक जवळून दिसलेले असतात, आणि सभेच्या निमंत्रणपत्रिकेवर त्यांचेच नाव नसते. चौथी, कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली व का, हे सूचना करणाऱ्यास कळवावे.

या कसोट्यांस फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती एवढी जाणीव, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलालाही स्वतःच्या भवितव्याविषयी सांगण्यासारखे काही असते.