मानशीवरील मासेमारी व तिची वेळ

गोव्यांतील खाजण जमिनींच्या बांधांस पाण्याचीं जीं दारें असतात, त्यांस मानस म्हणतात. भातशेतीचें खाऱ्या पाण्यापासून रक्षण करणें हें तिचें मूळ काम. मासळी हें मागून येणारें उत्पन्न होय. भरतीच्या दाबानें दाराची फळी मिटते, ओहोटीस आंतील पाण्याच्या रेट्यानें उघडते. मासेमारीसाठीं भरतीचें थोडें पाणी मुद्दाम आंत घेतात. त्याबरोबर कोळंबी, शेवटे, काळुंदरें शिरून बांधालगतच्या चरांत राहतात. ओहोटी लागली कीं मानशीच्या तोंडाशीं पिशवीसारखें जाळें लावावें. धावत्या पाण्याबरोबर मासळी आपण होऊन त्यांत येते.

वेळ साधणें हेंच यांतील खरें कसब. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असल्यानें ओघ जोराचा असतो व मासळी भरपूर मिळते. अष्टमीच्या भांगाला फारसें हातीं लागत नाहीं. कोळंबीस रात्रीची ओहोटी बरी. भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येते, हें ध्यानांत ठेवावें.

मानशींचा लिलाव होतो, आणि अडचण येथेंच उत्पन्न होते. घेणारा पैसा वसूल करण्यासाठीं दार गरजेपेक्षां अधिक वेळ उघडें ठेवतो. मग खारें पाणी शेतांत चढून कोरगुटासारखें क्षार सोसणारें भातही हातचें जातें. आमच्या मतें पाणी किती उंचीपर्यंत घ्यावें हें लिलावाच्या अटींतच लिहावें, व पेरणीपासून कापणीपर्यंत दार शेतकऱ्यांच्याच ताब्यांत असावें. उंचीची खूण मानशीच्या दगडावर कोरून घ्यावी, म्हणजे तंटा झाल्यास पंचांस पाहतां येईल.