वाऱ्यावर उचलली जाणारी होडी

पलूस तालुक्यात कृष्णेवरची नाव वल्ह्यावर नाहीतर इंजिनावर चालते. वेगवान शिडाच्या कॅटमरानला, म्हणजे दोन तळांच्या होडीला, समुद्र किंवा मोठा जलाशयच हवा. ऑलिंपिकमधली अशी होडी म्हणजे ‘नॅक्रा १७’: लांबी ५.२५ मीटर, रुंदी २.५९ मीटर, चालवायला एक पुरुष आणि एक स्त्री. टोकियो ऑलिंपिकपासून ती पाण्याखालच्या पात्यांवर उचलली जाते. वेग वाढला की दोन्ही तळ पाण्याबाहेर येतात आणि होडी अक्षरशः उडते. याहून मोठा आनंद शिडाच्या खेळात क्वचितच असेल. कसोटीही तिथेच. कंबरेच्या पट्ट्याला तार अडकवून दोघंही बाहेर झुकलेले असतात. पुढचं टोक पाण्यात घुसलं, की क्षणात कोलांटी. रुंदीमुळे कॅटमरान सहज कलंडत नाही, पण पूर्ण उलटली तर सरळ करणं फार जड जातं. अंगात जीवरक्षक जॅकेट हवंच. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटली. तेव्हापासून जॅकेटचं मोल या तालुक्याला ठाऊक आहे.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (२०२३) सिद्धेश्वर डोईफोडे आणि रम्या सरवणन भारताकडून ‘नॅक्रा १७’ प्रकारात उतरले होते. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली याच प्रकारात सेसिलिया कारांसासह सुवर्ण जिंकणारे अर्जेंटिनाचे सान्तियागो लांगे ५४ वर्षांचे होते; आदल्याच वर्षी कर्करोगामुळे त्यांच्या फुफ्फुसावर शस्त्रक्रिया झाली होती.