लहान बागेतील तांबडा गुलाब

गुलाबाच्या शोकिनांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते, ती अशी : मोठ्या हौसेने तांबडा कलमी गुलाब लावला, दोन वर्षे टपोरी व सुवासिक फुले आली, पुढे झाड फारच जोमाने वाढले, परंतु फुले मात्र लहान व फिकट, झुपक्यांनी येऊ लागली, किंवा मुळीच येईनाशी झाली, सारांश, झाडाची जात पालटली. या तक्रारीतील हकीकत खरी असते, तिचे कारण मात्र चुकीचे सांगितले जाते. येथे जात पालटलेली नसते. आपण लावलेले झाड मरून गेलेले असते, त्याच्या जागी दुसरेच झाड उभे राहिलेले असते, आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो. हे कसे घडते व ते कसे टाळावे, हे समजल्यावाचून लहान बागेत चांगला गुलाब टिकणे कठीण. म्हणून तेवढाच विषय आम्ही येथे घेत आहो.

ज्या गुलाबांस हायब्रिड टी असे म्हणतात, त्यांचा जन्म दोन कुळांच्या संकरातून झाला. एक कूळ युरोपातील काटक व भरगच्च फुलांच्या गुलाबांचे. दुसरे चीन देशातून गेलेल्या 'टी' गुलाबांचे, ज्यांच्या सुवासात कित्येकांस चहाच्या पानांचा भास होई. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण व लांबट, डौलदार कळी ही मुख्यत्वे चिनी कुळाची देणगी होय. फ्रान्समधील लियाँ शहरच्या गियो यांनी १८६७ साली प्रसिद्ध केलेला 'ला फ्रान्स' हा गुलाबी रंगाचा गुलाब या वर्गातील पहिला मानला जातो.

लहान बागेसाठी उदाहरण म्हणून आम्ही 'क्रिमझन ग्लोरी' हा गुलाब घेतो. विल्हेल्म कोर्डेस या जर्मन गृहस्थांनी तो १९३५ साली बाहेर आणला. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा हे गृहस्थ इंग्लंडात रोपवाटिका चालवीत होते. शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांस आयल ऑफ मॅन या बेटावर स्थानबद्ध करण्यात आले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी गुलाबांच्या संकराचा अभ्यास केला, व पुढे मायदेशी परतल्यावर त्याचे चीज केले. क्रिमझन ग्लोरीचे फूल मखमलीसारखे गर्द किरमिजी व अतिशय सुवासिक असते. झुडूप बुटके व पसरट असते. दोष म्हणजे देठ काहीसा नाजूक असल्यामुळे फूल मान खाली घालते, आणि कडक उन्हात रंग जांभळटपणाकडे झुकतो. याच नावाची वेलीसारखी चढणारी जातही आहे. रोप घेताना झुडपाचीच जात मागून घ्यावी. ती न मिळाल्यास १९५२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला 'क्रायसलर इम्पीरियल' घ्यावा. तो याच वंशातील असून अधिक ताठ वाढतो व जागाही थोडी व्यापतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अशा गुलाबाचे बी पेरल्यास त्यापासून तोच गुलाब कधीही निपजत नाही. प्रत्येक बीज निराळे निघते. यास्तव त्याचा एक डोळा काढून तो काटक गुलाबाच्या खुंटावर बसवितात. म्हणजे आपण ज्याला एक झाड म्हणतो, ती वस्तुतः दोन झाडे होत : मुळे एकाची व फांद्या दुसऱ्याच्या. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात रानटी जैतुनाची फांदी बागेतील जैतुनावर कलम केल्याचा दाखला वाचकांस ठाऊक असेलच. गुलाबात हा क्रम उलटा असतो : मूळ रानटी व डोळा बागेतला. खुंट सोशिक असतो, परंतु त्याचा स्वतःचा जीव काही गेलेला नसतो. वरच्या भागाची हेळसांड झाली की तो खालून आपले फुटवे सोडतो. ते भराभर वाढून सर्व अन्न ओढून घेतात. कलमाचा भाग उपासाने मरतो. आणि मालकास वाटते की जात पालटली.

हे फुटवे ओळखण्याची एक खूण सांगतात, ती अशी की खुंटाच्या पानास सात पर्णिका असतात व कलमाच्या पानास पाच. ही खूण भरवशाची नव्हे, कारण कलमी गुलाबासही कधी कधी सात पर्णिका येतात. खरी खूण एकच : फुटवा निघाला कोठून, हे पाहावे. बुंध्याशी माती उकरून पाहता डोळा बसविलेली गाठ दिसते. त्या गाठीच्या खालून जे निघाले ते खुंटाचे, वरून निघाले ते आपले. खुंटाचा फुटवा वरचेवर कापल्यास त्याच्या बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून आणखी चार फुटवे निघतात. यासाठी तो कोवळा असतानाच उगमाशी धरून खाली ओढून उपटावा. दर पंधरवड्यास एकदा एवढी पाहणी केली तरी पुरे.

वरचा भाग सशक्त राहिला म्हणजे खुंटास डोके वर काढण्यास फारसा अवसर मिळत नाही. त्यासाठी जागा, माती व छाटणी या तिन्ही गोष्टी सांभाळाव्या. जागा अशी असावी की सकाळपासून निदान सहा तास ऊन मिळेल व उन्हाळ्यातील तिसऱ्या प्रहरी थोडी सावली पडेल. दोन झाडांत दोन फूट अंतर पुरते. म्हणजे सहा फूट लांब व दोन फूट रुंद वाफ्यात तीन झाडे सुखाने नांदतात. देशावरील काळी चिकण माती पाणी धरून ठेवते, आणि पाण्यात मुळे कुजतात. म्हणून दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून त्यात तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत, थोडा हाडांचा चुरा व निंबोळी पेंड मिसळून भरावी, आणि वाफा जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावा. पाऊस ओसरल्यावर रोप लावावे. लावताना डोळ्याची गाठ मातीच्या वर एक-दोन इंच राहील असे पाहावे. ती पुरली गेल्यास पुढे खुंटाचा फुटवा ओळखणेच कठीण होते. पाणी सकाळी, बुडाशी व भरपूर द्यावे; रोज शिंपडून पाने ओली करू नयेत.

छाटणीविषयी मात्र पुष्कळांचा हात कचरतो. हिरव्या फांद्या कापणे हे त्यांस निर्दयपणाचे वाटते. परंतु हायब्रिड टी गुलाबास फूल येते ते नव्या फुटीच्या शेंड्यावर. जुनी लाकडे जितकी अधिक, तितकी नवी फूट दुबळी. देशावर ऑक्टोबरच्या मध्यापासून छाटणी करितात. आधी आठ दिवस पाणी तोडावे. मग वाळलेल्या, काडीसारख्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढून तीन ते पाच जोमदार फांद्या ठेवाव्या, व त्या साधारण निम्म्या उंचीवर, डोळ्याच्या पाव इंच वर तिरक्या कापाव्या. सामान्य नियम बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर कापण्याचा आहे. परंतु क्रिमझन ग्लोरीसारखे पसरट झुडूप आटोपशीर ठेवावयाचे तर काही फांद्या आतल्या बाजूच्या डोळ्यावर कापाव्या. कापलेल्या तोंडास मोरचूद व चुना यांचा लेप लावावा. नाहीतर फांदी शेंड्याकडून काळी पडत पडत खाली वाळत येते, व कित्येकदा गाठीपर्यंत पोहोचून झाडच घेऊन जाते. छाटणीपासून फूल उमलण्यास सुमारे पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस लागतात. यास्तव नाताळच्या सणास फुले हवी असतील त्यांनी एक झाड नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राखून ठेवून मग छाटावे.

रोगांपैकी तीन ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून पाने गळतात. ती वेचून जाळावी. थंडीत कोवळ्या फुटीवर भुरी येते, आणि या जातीस ती विशेष बाधते. गंधकाची भुकटी सकाळच्या वेळी धुरळावी, कडक उन्हात नव्हे. उन्हाळ्यात पानांच्या पाठीस लाल कोळी लागतो. पानांची पाठ सकाळी जोराच्या पाण्याने धुतल्यास तो आटोक्यात राहतो. पाने धुऊ नयेत या नियमास एवढाच अपवाद.

शेवटी एक गोष्ट. क्रिमझन ग्लोरीचे जगात आज कोठेही जे झाड असेल, ते कोर्डेस यांच्या बागेत उगवलेल्या त्या एका रोपाचाच अंश होय; डोळ्यामागून डोळा बसवीत माणसांनी ते येथवर आणले आहे. ही साखळी जेथे तुटते तेथे बी काही मदत करीत नाही. डोळा बसविणे तितके अवघडही नाही. हिवाळ्यात, नुकतेच फूल येऊन गेलेल्या फांदीच्या मध्यभागातील फुगीर डोळा ढालीच्या आकाराच्या सालीसह काढावा; पेन्सिलीएवढ्या जाड खुंटाच्या सालीस टी या इंग्रजी अक्षरासारखी चीर देऊन तो आत सरकवावा, व डोळा मोकळा ठेवून केळीच्या सोपटाने घट्ट बांधावा. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला असल्यास काम साधले असे समजावे. आमच्या विद्यार्थी वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते की, आपले झाड भर जोमात असतानाच त्याचा एक डोळा शेजाऱ्याच्या खुंटावर बसवून ठेवावा. एखाद्या वर्षी आपले झाड गेले, तर तोच गुलाब मागावयास फार दूर जावे लागणार नाही.