डेमलो : डोंबिवलीच्या नावाची संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, ही सतरा आकडी संख्या तीच राहते. नऊ एकांच्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या घराण्याला ‘डेमलो’ नाव दिले. डेमलो म्हणजे आजचे डोंबिवली. या संख्यांचा विचार आपल्याला त्या स्टेशनावर सुचला, असे ते सांगत.

हा गुणाकार कागदावर मांडून पाहावा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. एकं स्थानी एक १ येतो, दहं स्थानी दोन, शतं स्थानी तीन. मधल्या स्तंभात नऊ जमतात आणि तिथून पुढे उतरण लागते. एकाही स्तंभाची बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येतच नाही. सगळी शोभा एवढ्यावरच उभी आहे.

आता आणखी एक १ वाढवा. दहा एकांच्या वर्गात मधल्या स्तंभाची बेरीज १० होते. तिचा हातचा शेजारच्या ९ वर पडतो, त्याचेही १० होतात, आणि पुढचा हातचा ८ ला ९ करून थांबतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गेला! १ ला ८१ ने भागल्यावर दशांशात ०१२३४५६७९ ची अखंड आवर्तने मिळतात, त्यांतही ८ नसतो. कारण तेच, हातचा.

मला सर्वांत मोहवणारा गुण मात्र वेगळा आहे. मूळ संख्येचे दोन तुकडे करून मिळवा : १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. धाकट्या भावंडांतही हेच दिसते. १२३२१ मध्ये १२ + ३२१ = ३३३, आणि १२३४३२१ मध्ये १२३ + ४३२१ = ४४४४. नवांच्या रांगेचे मूळ असे : १११११११११ म्हणजे १२३४५६७९ ची नऊपट. म्हणून तिचा वर्ग म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९९९९९९९९९, अर्थात १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये लावून त्यातून पुन्हा १२३४५६७९ वजा. करून पाहा, नेमकी आपलीच संख्या येते. तिच्या आकड्यांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने गुणले की ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो.

अशा शोधांना ‘आकड्यांचा खेळ’ म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. आज ६१७४ हा त्यांचा स्थिरांक सर्वत्र ओळखला जातो, पण डेमलो संख्या फारशा कुणाला ठाऊक नाहीत. कापरेकरांनी आपले बरेचसे काम छोट्या पुस्तिकांतून स्वतःच छापले होते. नाशिक-देवळालीकडच्या एखाद्या जुन्या कपाटात अशी पुस्तिका सापडली, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला द्या.