डासाच्या देहातील बिऱ्हाडकरू

सायंकाळी क्रांती चौकातून घरी परतावे, दिवा लावावा, तोच कानाशी गुणगुण सुरू व्हावी, हा अनुभव कोणास नाही? डास रोगाचा वाहक, एवढेच मी वर्गात शिकवीत असे. परंतु डास एकटा नसतो. त्याच्या देहात जीवाणूंचे बिऱ्हाड असते.

काही जीवाणू त्याच्या आतड्यात राहतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनी २००२ साली क्यूलेक्स डासाच्या आतड्यातील असा एक जीवाणू प्रथमच वर्णिला. काही तर पेशींतच वसतात. १९२४ साली हर्टिग व वोल्बाख यांनी वर्णिलेला ‘वोल्बाकिया’ हा त्यांपैकी होय. तो मातेच्या अंड्यांतूनच संततीत उतरतो. म्हणून त्याची युक्ती पाहा: तो बाळगणाऱ्या नराचा संयोग तो नसलेल्या मादीशी झाला, तर अंडी फुटत नाहीत. मादीपाशी तो असेल, तर मात्र फुटतात. अर्थात त्याला वाहणाऱ्या मादीचाच वंश वाढतो.

डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस इजिप्ती डासात तो स्वभावतः नसतो. शास्त्रज्ञांनी तो त्यात घातला, तेव्हा डेंग्यूचा विषाणू तेथे नीट वाढेना. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरी असे डास सोडलेल्या वस्त्यांत डेंग्यू इतर वस्त्यांहून ७७ टक्के कमी आढळला, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्रानेही असे डास सिद्ध केले आहेत.

तथापि आपल्या शहरात पाणी साठविल्यावाचून गत्यंतर नाही, आणि उघडे पिंप म्हणजे एडिसचे सूतिकागृहच. ते आठवड्यातून एकदा घासावे, झाकण घट्ट बसवावे. जीवाणूचे साहाय्य येईल तेव्हा येवो. झाकण आज आपल्या हाती आहे.